स्मॉलकॅप ईटीएफ: क्लिष्टता वेगळी, जोखीम वेगळी? मोजायची कशी?

हिशेबनीस
स्मॉलकॅप ईटीएफचं (छोट्या कंपन्यांच्या इंडेक्सची नक्कल करणारा, शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड) माहितीपत्रक उघडलं की जोखीममापकाची सुई 'अति उच्च'वर. लार्जकॅप ईटीएफचं उघडा, बहुतेक वेळा तिथेही तीच. असं का होतं म्हणून सेबीचं गणित मांडून पाहिलं. शेअर फंडाला तीन गोष्टींचे गुण मिळतात. बाजारमूल्याचे: लार्ज (मोठ्या कंपन्या) ५, मिड (मधल्या) ७, स्मॉल (छोट्या) ९. चढउताराचे: रोजचा चढउतार १ टक्क्याच्या आत असेल तर ५, वर गेला तर ६. इम्पॅक्ट कॉस्टचे (मोठी खरेदी-विक्री केली की भाव सरकतो तो खर्च): १ टक्क्याच्या आत ५, २ च्या आत ७, त्यापुढे ९. तिघांची सरासरी ५ च्या वर गेली की 'अति उच्च'. आता लार्जकॅप, चढउतार जरा वाढलेला: ५+६+५, भागिले ३, म्हणजे ५.३३. स्मॉलकॅप: ९+६+५, भागिले ३, म्हणजे ६.६७. दोघेही एकाच डब्यात.

म्हणून हा धागा. 'क्लिष्ट' आणि 'जोखमीचं' हे आपण एकाच श्वासात बोलतो, पण ते दोन वेगळे प्रश्न आहेत असं माझं मत आहे. निफ्टी स्मॉलकॅप २५० चा ईटीएफ घ्या. निफ्टी ५०० मधले लार्ज आणि मिड मिळून २५० काढले की उरतात ते २५०, फ्री फ्लोटच्या (बाजारात मोकळे फिरणाऱ्या शेअरांच्या मूल्याच्या) प्रमाणात. नियम पोस्टकार्डावर मावतो. वस्तू साधी, आतला माल तिखट. मग जोखीम नेमकी कुठे बघायची? इंडेक्समध्ये, फंडात, की बाजारातल्या खरेदी-विक्रीत?

मंदीचा_मित्र
आधी इंडेक्समध्ये. जानेवारी २०१८ ते मार्च २०२० या सव्वादोन वर्षांत स्मॉलकॅप निर्देशांक साठ टक्क्यांच्या आसपास उतरले. करोना फक्त शेवटच्या महिन्याभरातला, त्याआधी दोन वर्षं हळूहळू झिजणं चालू होतं. साठ टक्के उतरलं की मूळ जागी यायला दीडशे टक्के चढावं लागतं. हे ज्याला पचत नाही त्याने बिड-आस्क (घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा भाव) आणि ट्रॅकिंग एररचा (फंड इंडेक्सपासून किती ढळतो त्याचा) अभ्यास करू नये, वेळ वाया.

थेंबे_थेंबे
+१. पण हे इंडेक्स फंडालाही (इंडेक्सचीच नक्कल, पण युनिटं बाजारात नाही, थेट फंडाकडून घ्यायची) लागू. हिशेबनीस ईटीएफबद्दल विचारतायत.

आस्कवाला
धागाकर्त्याच्या 'वस्तू साधी' या शब्दाला माझा अर्धाच होकार. इंडेक्स साधा आहे. ईटीएफ नाही.

ईटीएफच्या युनिटचा भाव फंड ठरवत नाही, समोरचा ठरवतो. बहुतेक वेळ समोर मार्केट मेकर असतो, म्हणजे सतत खरेदी-विक्रीचे भाव लावून बसणारा. सेबीच्या नियमाने फंडाला निदान दोन मार्केट मेकर नेमावे लागतात. तुम्ही युनिट विकत घेता तेव्हा तो विकतो आणि आपली बाजू झाकायला कुठेतरी तितकीच खरेदी करतो. निफ्टी ५० च्या ईटीएफमध्ये त्याचं काम सोपं आहे, निफ्टीचं फ्युचर (पुढच्या तारखेचा, आज ठरलेल्या भावाचा करार) घेतलं की झालं. स्मॉलकॅपमध्ये तो घेणार काय? स्मॉलकॅप २५० चं चालतं फ्युचर नाही. आतल्या बहुतेक शेअरांतही फ्युचर नाही. मग तो मिडकॅप सिलेक्ट या निर्देशांकाच्या किंवा निफ्टीच्या फ्युचरवर भागवतो, नाहीतर खरोखर २५० शेअरांची टोपली उचलतो. फ्युचर मिडकॅपचं आणि माल स्मॉलकॅपचा, यातला फरक त्याच्या अंगावर येऊ शकतो. तो फरक तो आधीच तुमच्याकडून वसूल करतो. स्प्रेड (बिड आणि आस्कमधलं अंतर) म्हणजे तेच.

टोपली उचलली तरी खर्च आहेच. शेअर खरेदीवर एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) ०.१ टक्का, स्टॅम्प ड्यूटी ०.०१५ टक्का, वर २५० ठिकाणी आस्कच्या भावाने घ्यायचं. त्यामुळे शांत दिवशी आस्क आयएनएव्हीपेक्षा (आतल्या शेअरांच्या चालू भावावरून काढलेली युनिटची किंमत) पाव-अर्धा टक्का वर दिसला तर ती लूट नाही, टोपलीचा खर्च आहे. एक-दीड टक्का वर दिसला तर मात्र युनिटं तयार होत नाहीयेत किंवा मेकर दुकान अर्धं ओढून बसलाय असं समजा.

चकलीभाजणी
टोपली उचलतो म्हणजे २५० शेअर एकेक घेतो? आणि अपूर्णांकांचं काय? एका शेअरचा भाव १०,००० असेल आणि त्याचं वजन अगदी थोडं असेल तर?

आस्कवाला
म्हणून तर क्रिएशन युनिट (टोपली देऊन फंडाकडून एका वेळी घ्यायचा युनिटांचा किमान गठ्ठा) मोठं असतं. तुमचंच उदाहरण. भाव १०,०००, वजन ०.१५ टक्के. एक अख्खा शेअर बसायला टोपली १०,००० भागिले ०.००१५, म्हणजे साधारण ६६.७ लाखांची हवी. त्याखाली टोपली नीट बसत नाही, उरलेलं रोखीने भरावं लागतं. निफ्टी ५० ला हा त्रास कमी. आणि आपल्यासारख्यांना थेट फंडाकडे जायची सोय तशीही नाही, त्यासाठी व्यवहार २५ कोटींच्या वरचा लागतो.

खिसापाकीट
२५ कोटी ना, बघतो जरा. सोफ्याच्या खाली हात घालून.

हिशेबनीस
😄

आस्कवाला, मुद्दा मान्य. मग स्प्रेडचा हिशेब मांडून पाहू. समजा आयएनएव्ही १६८.४०, सर्वात वरची बिड १६८.१०, सर्वात खालचा आस्क १६९.०५. स्प्रेड ९५ पैसे, म्हणजे ०.५६ टक्के. एकदा घेतलं, एकदा विकलं, की इतके गेले. आता त्याच इंडेक्सचा इंडेक्स फंड, डायरेक्ट प्लॅन (मध्यस्थाच्या कमिशनाशिवाय), खर्च ईटीएफपेक्षा वर्षाला ०.१० टक्के जास्त धरू. म्हणजे ईटीएफचा स्वस्तपणा स्प्रेड भरून काढायला साडेपाच वर्षं घेतो. ब्रोकरेज आणि विकताना लागणारा डीपी (डीमॅट खात्याचा) चार्ज धरलाच नाही.

थेंबे_थेंबे
दरमहा ५ हजार घालणाऱ्याने तर सरळ इंडेक्स फंड घ्यावा. दुपारी तीनच्या आत पैसे पोचले की दिवसअखेरची एनएव्ही (आतल्या शेअरांच्या बंद भावावरून काढलेली युनिटची किंमत), वर ना खाली. ईटीएफ कोणासाठी? ज्याला दिवसाच्या मधल्या भावाने घ्यायचंय किंवा एकरकमी घेऊन दहा वर्षं हलवायचं नाही त्याच्यासाठी.

मंदीचा_मित्र
दिवसाच्या मधल्या भावाची गरज कोणाला असते हो? ज्याला घाई असते. आणि घाईत असणाऱ्याने स्मॉलकॅप घेऊ नये.

उसाचा_रस
ट्रॅकिंग एररबद्दल कोणी बोललंच नाही. नियमाने २ टक्क्यांच्या आत असायला हवी. माझ्या यादीतल्या फंडांत सगळीकडे ०.५ च्या आत दिसतेय. मग चिंता कसली?

शून्य_मैल
उसाचा रस, एरर आणि डिफरन्स यांत गल्लत होतेय. एरर म्हणजे रोजच्या फरकाचा विखुरलेपणा, वार्षिक करून मांडलेला. फंड रोज न चुकता ठराविक पैसे मागे राहत असेल तर एरर जवळजवळ शून्य येते आणि वर्षअखेर तुम्ही एक टक्का मागे. घड्याळ रोज दोन मिनिटं मागे पडतं, पण अगदी नियमाने, तसं. तुमच्या खिशावर परिणाम होतो तो डिफरन्सचा. इंडेक्स १८.०० टक्के, फंड १७.४० टक्के, तर डिफरन्स उणे ०.६०. १, ३, ५, १० वर्षांचा आणि सुरुवातीपासूनचा डिफरन्स दर महिन्याला जाहीर करणं बंधनकारक आहे, फंडाच्या संकेतस्थळावर मिळतो.

दोन गोष्टी तपासा. तुलना टीआरआयशी, म्हणजे लाभांश धरलेल्या इंडेक्सशी आहे ना. आणि डिफरन्स खर्चापेक्षा किती जास्त आहे. खर्च ०.२० आणि डिफरन्स ०.२५ असेल तर चांगलं काम चाललंय. खर्च ०.२० आणि डिफरन्स ०.८० असेल तर ०.६० कुठे सांडतंय ते शोधा. स्मॉलकॅपमध्ये सांडायच्या जागा ठरलेल्या आहेत: फेररचनेत होणारी उलाढाल, सर्किटला (दिवसाच्या भावमर्यादेला) अडकलेला शेअर, हातात पडून राहिलेली रोख, डीमर्जरमध्ये (कंपनीचे भाग वेगळे होताना) मिळालेला पण अजून नोंद न झालेला शेअर.

चकलीभाजणी
फेररचना म्हणजे सप्टेंबर-मार्चची ना?

शून्य_मैल
हो. जानेवारी आणि जुलै अखेरचे आकडे धरून यादी ठरते, मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस बदल लागू होतात. साधारण चार आठवडे आधी यादी जाहीर होते. म्हणजे कोण काय विकणार आणि कोण काय घेणार हे सगळ्या बाजाराला महिनाभर आधी ठाऊक. आर्बिट्राजवाले (भावातल्या फरकावर कमावणारे) आधी घेऊन बसतात. इंडेक्सचा बंद भाव शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवर निघतो म्हणून फंडही त्याच अर्ध्या तासात तुटून पडतात. यात गेलेले पैसे ट्रॅकिंग डिफरन्समध्ये दिसत नाहीत, कारण इंडेक्सनेही तोच वाईट भाव धरलेला असतो. हा खर्च इंडेक्समध्येच मुरलेला आहे.

स्मॉलकॅपची आणखी एक गंमत. यात दोन्ही दरवाजे उघडे असतात. चढलेला शेअर मिडकॅपमध्ये जातो म्हणून विकायचा, उतरलेला मिडकॅप खाली येतो म्हणून घ्यायचा. आणि तळाचे आणखी खाली, मायक्रोकॅपमध्ये, तेही उतरल्यावर विकायचे.

खिसापाकीट
म्हणजे गावासारखं. पोरगं कमावतं झालं की मुंबईला, आणि मुंबईत गिरणी बंद पडली की गावाला परत. गाव कायम स्मॉलकॅप.

मंदीचा_मित्र
हा प्रतिसाद फ्रेम करून लावा कोणीतरी.

हडसनकाठ
इकडे अमेरिकेत हाच प्रश्न फार स्पष्ट दिसतो, म्हणून लिहितो. रसेल २००० या इंडेक्सवरचा आयडब्ल्यूएम आणि एस अँड पी स्मॉलकॅप ६०० वरचा आयजेआर, हे दोन ईटीएफ. दोन्ही 'स्मॉलकॅप', दोन्ही एकाच घराण्याचे. खर्च ०.१९ आणि ०.०६ टक्के. पण खरा फरक खर्चात नाही, नियमात आहे. ६०० मध्ये शिरायला कंपनी नफ्यात लागते: शेवटच्या चार तिमाहींची बेरीज अधिक आणि शेवटची तिमाहीही अधिक. रसेलला अशी अट नाही, आकार बसला की आत. त्यामुळे तोट्यातल्या बायोटेक कंपन्यांची रांगच तिथे सापडते. नाव एक, माल वेगळा. आपल्याकडच्या स्मॉलकॅप २५० लाही नफ्याची अट नाही हे लक्षात ठेवा.

आणि क्लिष्ट म्हणजे काय ते बघायचं असेल तर टीएनए हा ईटीएफ, रसेलच्या रोजच्या चालीच्या तिप्पट. इंडेक्स एक दिवस १० टक्के पडला, दुसऱ्या दिवशी ११.११ टक्के चढला. इंडेक्स जिथल्या तिथे. तिप्पटवाला ३० टक्के पडला, मग ३३.३३ चढला: ०.७० गुणिले १.३३३३, म्हणजे ०.९३३३. इंडेक्स शून्य, तुम्ही उणे ६.६७ टक्के. कोणी फसवलं नाही, नियमच तसा आहे. हिशेबनीस म्हणतात ती 'क्लिष्टता' ही.

उसाचा_रस
इथे बसून आयजेआर घेता येईल का?

हडसनकाठ
एलआरएसमधून (परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची सोय) येईल. पण अनिवासी परक्याची अमेरिकेतली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर गेली की तिथला इस्टेट टॅक्स लागू होतो, वारसांना घोर. उलट बाजूही सांगतो: अमेरिकेत कर भरणाऱ्यांनी भारतातले ईटीएफ घेताना आधी सीएला विचारा. ते पीएफआयसी (परदेशी गुंतवणूक कंपनी) धरले जातात, प्रत्येक फंडामागे फॉर्म ८६२१ चं लफडं.

थेंबे_थेंबे
धागा न्यू जर्सीला पोचला. कोणीतरी परत दादरला आणा.

शून्य_मैल
आणतो. हडसनकाठ यांच्या 'नफ्याची अट नाही' वरून पीईचा (भाव भागिले नफा) मुद्दा निघतो. स्मॉलकॅप इंडेक्सचा पीई बघून स्वस्त-महाग ठरवणाऱ्यांनी दोन खड्डे ध्यानात घ्यावेत. एक, निफ्टीच्या निर्देशांकांचा पीई २०२१ पासून एकत्रित (उपकंपन्या धरून) नफ्यावर काढतात, त्याआधी एकट्या कंपनीच्या नफ्यावर. त्यामुळे २०१८ चा पीई आणि आत्ताचा पीई शेजारी ठेवून आलेख काढू नका. दुसरा, छेदात सगळ्यांच्या नफ्याची बेरीज असते. दोन-चार कंपन्यांनी प्रचंड तोटा दाखवला की छेद आकसतो आणि पीई आभाळाला भिडतो, बाकीच्या २४५ कंपन्या तशाच असल्या तरी. त्यापेक्षा पीबी (भाव भागिले पुस्तकी मूल्य) कमी उड्या मारतो.

रात्रपाळी
मोमेंटम क्वालिटी १०० बद्दल काय मत? स्मॉलकॅप २५० मधूनच निवडलेले १००. परतावा फार भारी दिसतोय.

मंदीचा_मित्र
इंडेक्स कधी सुरू झाला आणि आकडे कधीपासूनचे दाखवलेत ते बघा. सुरू होण्याआधीचा सगळा इतिहास मागे वळून काढलेला हिशेब असतो. कोणता नियम चांगला चालला असता हे आधी पाहून मग नियम ठरवला, तर परतावा भारी दिसणारच.

हिशेबनीस
रात्रपाळी, माझ्या मोजपट्टीवर हा साध्या २५० पेक्षा दोन पायऱ्या वर. आकाराची चाळणी, त्यावर मोमेंटम (भावाचा वेग) आणि क्वालिटीच्या (ताळेबंदाची प्रकृती) दोन चाळण्या, आणि वजनंही गुणांवरून. उलाढाल जास्त होणारच. जोखीम जास्त की कमी हे मात्र यातून ठरत नाही. क्वालिटीची चाळणी कर्जबाजारी कंपन्या बाहेर ठेवते, म्हणजे एका अंगाने जोखीम कमीही होऊ शकते. माझा पहिला मुद्दा हाच: दोन वेगळ्या पट्ट्या.

कुळथाची_पिठी
खरी जोखीम बाहेर पडताना आहे आणि त्यावर कोणी नीट लिहिलं नाही. सेबीच्या सांगण्यावरून मार्च २०२४ पासून मिडकॅप आणि स्मॉलकॅप योजना २५ टक्के आणि ५० टक्के पोर्टफोलिओ विकायला किती दिवस लागतील ते जाहीर करतात. ते आकडे सक्रिय (शेअर मॅनेजर निवडतो त्या) योजनांचे आहेत. ईटीएफवाल्याने स्वतः मांडावेत, अवघड नाही.

समजा ईटीएफचा आकार १,००० कोटी. एका शेअरचं वजन ०.२५ टक्के, म्हणजे २.५ कोटींचा माल. त्या शेअरची रोजची उलाढाल ५ कोटी. भाव न पाडता रोज दहावा हिस्सा विकता येईल असं धरा, ५० लाख. पाच दिवस. ठीक वाटतं. पण त्याच इंडेक्सवर बाकीचे फंड आणि ईटीएफ मिळून १०,००० कोटी असतील तर माल २५ कोटींचा आणि दिवस पन्नास. पडझडीत सगळे एकाच दारातून निघतात, म्हणून तुमच्या एका फंडाचा आकार बघून उपयोग नाही, त्या इंडेक्समागे उभा असलेला सगळा पैसा बघा.

आस्कवाला
पिठी, गणित बरोबर, पण ईटीएफला ते जसंच्या तसं लागू नाही. इंडेक्स फंडातून पैसे काढले की फंडाला शेअर विकावेच लागतात. ईटीएफमध्ये तुम्ही युनिट दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकता, आतले शेअर हलतही नाहीत. मेकरने युनिटं परत दिली तरच टोपली बाहेर येते. म्हणजे राहिलेल्यांवर जाणाऱ्याचा भार पडत नाही. ही ईटीएफची जमेची बाजू.

कुळथाची_पिठी
मान्य. पण मग तो भार जाणाऱ्यावर पडतो, डिस्काउंटच्या (एनएव्हीपेक्षा खालच्या भावाच्या) रूपाने. तो कुठे नाहीसा होत नाही. इंडेक्स फंडात सगळ्यांच्या ताटात थोडंथोडं, ईटीएफमध्ये उठणाऱ्याच्या ताटात सगळं.

आस्कवाला
बरोबर बोललात. एक पुरवणी: पडझडीच्या दिवशी दिसणारं डिस्काउंट नेहमी 'चुकीचं' नसतं. आतले तीस-चाळीस शेअर ५ टक्क्यांच्या खालच्या सर्किटला बसलेत असं समजा. त्यांना गिऱ्हाईकच नाही. एनएव्ही मात्र त्यांना सर्किटच्या भावाने मोजते, जणू तिथे विकता येतंय. ईटीएफचा भाव उद्याची आणखी एक सर्किट आजच धरतो. कधीकधी एनएव्ही खोटी आणि भाव खरा असतो. एएसएममध्ये (एक्स्चेंजच्या जादा देखरेखीत) ढकललेले शेअर असतील, त्यांचा पट्टा आणखी अरुंद केलेला असेल, तर हे जास्तच.

रात्रपाळी
म्हणजे डिस्काउंट दिसलं की स्वस्तात मिळतंय असं समजून घ्यायचं नाही?

आस्कवाला
शांत दिवशी घ्या. लाल (पडझडीच्या) दिवशी आधी आतले किती शेअर सर्किटला आहेत ते मोजा.

ओटीवरची_झोपाळी
सगळं वाचलं, डोकं गरगरतंय. मला फक्त सांगा, एक स्मॉलकॅप ईटीएफ समोर आहे, तर क्रमाने काय बघू? आईच्या नावाने तीन लाख घालायचे आहेत.

शून्य_मैल
झोपाळी ताई, आधी आईंचा प्रश्न. हे पैसे सात-आठ वर्षांत लागणार असतील तर इथेच थांबा, पुढचं वाचू नका.

नसतील तर पहिल्यांदा इंडेक्सचं माहितीपत्रक: किती शेअर, पहिल्या दहांचं वजन, कोणत्या क्षेत्राचा वाटा मोठा. ५० शेअरचा स्मॉलकॅप आणि २५० चा यांत फार फरक आहे. मग फंडाच्या संकेतस्थळावर ट्रॅकिंग डिफरन्स, त्यातून खर्च वजा करा. मग ब्रोकरच्या पडद्यावर ऑर्डरबुक, आणि हे काम एका दिवसात होत नाही. तीन वेगवेगळ्या दिवशी, त्यातला एक तरी लाल दिवस, सव्वाअकरा आणि अडीचच्या सुमारास बिड, आस्क आणि आयएनएव्ही लिहून घ्या. आयएनएव्ही नियमाने पंधरा सेकंदांत ताजी होते, पण तिच्यातले शेअर तितक्यात ट्रेड झालेले नसतात, म्हणून सकाळच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत तिच्यावर भरवसा नको. बिडच्या बाजूला पाच ओळी दिसतात, त्यांतल्या युनिटांची बेरीज गुणिले भाव. १,९०० युनिटं गुणिले १६८, साधारण ३ लाख १९ हजार. तुमचे तीन लाख त्यात कसेबसे मावतात, आणि शेवटची युनिटं सर्वात खालच्या ओळीच्या भावाने. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) कधीही टाकू नका, लिमिटच (आपण ठरवलेल्या भावाची).

उसाचा_रस
आणि बिडच नसेल तर?

शून्य_मैल
त्याची सोय नियमात आहे, फार जणांना ठाऊक नसते. बंद भाव सलग सात दिवस एनएव्हीच्या १ टक्क्यापेक्षा जास्त खाली राहिला, किंवा सलग तीन दिवस एक्स्चेंजवर भावच मिळाला नाही, किंवा सात दिवसांच्या सरासरीने एकूण बिड क्रिएशन युनिटच्या निम्म्यापेक्षा कमी राहिली, तर लहान गुंतवणूकदार थेट फंडाकडे युनिटं परत देऊ शकतो, एक्झिट लोड (बाहेर पडण्याचा आकार) न भरता. पण सात दिवस म्हणजे सात दिवस. पडझडीत ते मोठे वाटतात.

ओटीवरची_झोपाळी
आणि कर?

थेंबे_थेंबे
शेअर फंडासारखाच. वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के, वर्षानंतर १२.५ टक्के, आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर नाही. जुलै २०२४ पासूनचे दर.

हिशेबनीस
सगळ्यांचे आभार. स्प्रेडशीटमध्ये रकाने केलेत: इंडेक्सचे नियम किती चाळण्यांचे (ही क्लिष्टता), खर्च वजा करून डिफरन्स, स्प्रेडची टक्केवारी, पाच ओळींची बिड रुपयांत, आणि त्या इंडेक्समागचा एकूण पैसा. जोखीममापकाचा रकाना काढून टाकला, सगळीकडे तेच उत्तर येत होतं. डिस्काउंटच्या रकान्यात बंद भाव आणि दिवसअखेरची एनएव्ही घेतली आहे. चालेल ना?

आस्कवाला
सात दिवसांच्या नियमासाठी तेच घ्यावं लागेल. पण स्वतःसाठी अडीचचा बिड आणि त्याच मिनिटाची आयएनएव्ही घ्या. बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासाची सरासरी, त्या भावाने तुम्हाला कोणी विकू देत नाही.

हिशेबनीस
बदलला. उद्या लाल दिवस निघाला तर पहिली नोंद.

खिसापाकीट
लाल दिवसाची वाट बघणारा पहिला गुंतवणूकदार. मंदीच्या मित्राला भाऊ मिळाला.